गाडी घेण्याआधी मिस्त्रीला विचारा



सिनेमातली मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी आठवते ना? ती बहुधा फियाट असायची. मूळची ही इटलीतली गाडी. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीने ती मुंबईत कुर्ल्याला बनवली. पुढे तिचं नाव पद्मिनी झालं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ साली बंद झाली.

इतकी वर्षं कशी चालली? यंत्र साधं, सुटे भाग मिळायचे आणि नाक्यावरचा मिस्त्रीही दुरुस्त करायचा.

आमच्या जुना जालन्यातल्या गटाने पापड-शेवया बाजारात न्यायला जुना टेम्पो स्वस्तात घेतला. तीन महिन्यांत बंद पडला. त्याचा एक भाग कुठेच मिळेना. टेम्पो दारात उभा, हप्ता मात्र चालूच. तो बचतीतून भरला, म्हणून एका ताईला मुलीच्या फीसाठी कर्ज देता आलं नाही. ठरावावर पहिली सही माझीच होती.

म्हणून सांगते, आधी मिस्त्रीला विचारा: भाग जालन्यात मिळतो का, केवढ्याला? उत्तर ठरावात लिहा, मगच सह्या करा.