काळाने विसरलेलं बेट आणि आपला घोडकाठ
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



प्रत्येकाने आवडत्या सिनेमावर पाच मिनिटं बोलायचं, असं संयोजकांनी ठरवलं. 'शोले' आणि 'पिंजरा' माझ्या आधीच दोघांनी पळवले. म्हणून मी जरा आडवाटेचा सिनेमा घेतो : 'द लँड दॅट टाइम फरगॉट'. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये बेताच्या पैशांत निघालेला. दिग्दर्शक केविन कॉनर. मूळ कादंबरी १९१८ सालची, टारझनचा जनक एडगर राइस बरोज याची.

गोष्ट पहिल्या महायुद्धातली. जर्मन पाणबुडी एक ब्रिटिश जहाज बुडवते. वाचलेली माणसं त्याच पाणबुडीचा ताबा घेतात आणि भरकटत कॅप्रोना नावाच्या बेटावर पोचतात. बाहेर बर्फ, आत मात्र ऊबदार जंगल, डायनोसॉर आणि आदिमानव! यातले बरेचसे डायनोसॉर म्हणजे हातात घालून हलवायच्या बाहुल्या. उडणारा सरडा तर पंखसुद्धा हलवत नाही, तारेला टांगलेला तसाच सरकत येतो. आपल्या गॅदरिंगमधला पुठ्ठ्याचा जटायू त्याहून बरा होता. डायनोसॉर संपले साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आणि आपल्यासारखा माणूस आला सुमारे तीन लाख वर्षांपूर्वी. आपल्या विज्ञानाच्या सरांनी या कथेला लाल शाईने शून्य दिलं असतं.

तरीही मला तो आवडतो, त्यातल्या एका कल्पनेसाठी. त्या बेटावर नदीच्या काठाने उत्तरेकडे चालत जावं, तसतशी अधिक प्रगत माणसं भेटत जातात. खाली रानटी टोळी, वर शहाणी टोळी. म्हणजे चालत राहिलं की प्रगती ठरलेलीच.

आता आपल्या नदीकडे या. शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. हीच घोड पुढे भीमेला मिळते आणि त्या भीमेकाठी आपलं दौंड. याच घोडेच्या काठावर शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी यांनी तिथे उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या नऊशे वर्षांतलं एक अख्खं गाव मातीखालून वर आलं. चौकोनी घरं, पाच खोल्यांचा एक वाडा, त्याच्या शेजारी धान्याचं कोठार, नदीचं पाणी वळवणारा बांध आणि पाट. शेतात मुख्य पीक सातूचं.

सिनेमातला नियम इथे उलटा पडतो. सगळ्यात वरचा, म्हणजे सगळ्यात अलीकडचा थर पाहिला, तर तिथे ऐसपैस चौकोनी घरं नाहीत, लहान गोल झोपड्या आहेत. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास पाऊस कमी होत गेला, शेती मागे पडली, माणसं शिकारीवर आणि गुराढोरांवर जास्त अवलंबून राहू लागली, असं अभ्यासक सांगतात. शेवटी गावच उठलं. पाट खोदणारी, कोठार भरणारी शहाणी माणसं होती ती. काळ पुढे गेला आणि त्यांचं घर मात्र लहान होत गेलं.

ही माणसं आपले मृत घरातच जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसाचे पाय घोट्यापासून तोडत. गेलेल्याने घर सोडून जाऊ नये, म्हणून असावं. आपले पाय कुणी तोडले नाहीत, त्यामुळे आपण पुण्या-मुंबईला, काही जण तर परदेशातही पोचलो. पण सातबारा इथलाच आहे. कालव्याला पाणी आलं, ऊस आला, बंगले आले. पाऊस हुकला की मात्र टँकरची वाट पाहावी लागते आणि बोअर आणखी खोल न्यावं लागतं. गावी फोन केला की पहिला प्रश्न अजूनही पावसाचाच असतो. तीन हजार वर्षांपूर्वी याच काठावर तो कुणीतरी विचारलेला असणार.

सिनेमाच्या शेवटी नायक आपली हकिगत लिहून बाटलीत घालतो आणि ती समुद्रात टाकतो. इनामगावच्या माणसांकडे लिपी नव्हती. त्यांनी ठेवली ती रंगवलेली मडकी, चुली आणि तो कोरडा पाट. त्यातल्या कितीतरी वस्तू पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात आहेत.

म्हणून माझी एक सूचना आहे. आज जमलेल्या निधीतून शाळेला पंखे आणि संगणक जरूर द्या. त्यातलेच थोडे पैसे दहावीच्या मुलांच्या सहलीसाठी बाजूला ठेवा. सकाळी इनामगाव, दुपारी ते संग्रहालय. भूगोलाच्या आणि इतिहासाच्या बाई-सरांनी दोघांनीही बरोबर जावं. मुलांना डायनोसॉर ठाऊक आहेत, आपल्या तालुक्यातला पाट ठाऊक नाही. पाण्याचा हिशेब चुकला की गावाचं काय होतं, हे त्यांना पुस्तकाआधी त्या मातीत दिसू दे. बसचा निम्मा खर्च माझा.