सावलीतली पेढी

मी गोदीत पोती उचलणारा माणूस. आमच्या गेटवरचा सावकार पगाराच्या दिवशी भर उन्हात उभा राहतो. त्याचं तोंड तरी दिसतं. आज बोलायचंय ते सावलीतल्या सावकाराबद्दल. धंदा बँकेचाच करतो, पण बँकेएवढी बंधनं त्याला नाहीत.

याच मुंबईतली आयएल अँड एफएस बघा. थोड्या मुदतीचं कर्ज उचलायचं नि जिथं पैसा वर्षानुवर्षं अडकतो अशा रस्ते-बोगद्यांत ओतायचा. पोटकंपन्या तीनशेच्या वर. पत ठरवणाऱ्यांनी 'ट्रिपल ए'चा शिक्का मारलेला. २०१८ साली देणी थकली. कर्ज निघालं ९० हजार कोटींच्या वर. सरकारला संचालक मंडळ हाकलावं लागलं. त्या रोख्यांत कामगारांचा प्रॉव्हिडंट फंडही अडकला. घाम आमचा, जुगार त्यांचा!

ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेनं अशा कंपन्यांचे थर पाडले. जेवढी मोठी कंपनी, तेवढे कडक नियम. ठीकाय. पण क्रेनची साखळी माल उचलायच्या आधी तपासतात, माणूस चेपल्यावर नव्हे. आमचा फंड कुणाच्या कागदात घातलाय, ते आम्हाला आधी सांगा. हिशेब उन्हात मांडा.