फुकटचं तिकीट, पण हिशेब करून

आमच्या नांदगावच्या गटातल्या एका ताईंच्या लेकीचं बाळंतपण दुबईत आहे. जावई म्हणाले, "आई, विमानप्रवासाचे पॉइंट साठलेत, तुमचं तिकीट फुकट काढतो."

आम्ही वहीत हिशेब मांडला. समजा, रोखीचं तिकीट ३०,००० रुपये. पॉइंटवर काढलं तरी कर आणि इतर आकार भरावेच लागतात. ते १२,००० धरू. वाचले १८,०००. त्यासाठी ३०,००० पॉइंट गेले, तर एका पॉइंटचे ६० पैसे झाले. खरेदीत त्याच पॉइंटचे २५ पैसे मिळत असतील, तर तिकीटच बरं.

पॉइंटला बहुधा मुदत असते, ती बघा. पण पॉइंटसाठी कार्डावर उधारीची खरेदी नको. व्याजात सगळं जातं.

ताईंचं तिकीट झालं. डिंकाचे लाडू आम्ही वळतोय!