बीळ कुणाचे?

‘उंदीर फार झालेत’ अशी तक्रार केली, की घरमालक महापालिकेकडे बोट दाखवतो. मुंबईत पालिकेचे मूषक संहारक रात्री काठी-बॅटरी घेऊन घरगल्ल्यांतून उंदीर मारत फिरतात, हे खरे. पण उंदीर ज्या भिंतीत राहतो, ती भिंत पालिकेची नसते.

हा धडा मुंबईला फार महाग पडला. सप्टेंबर १८९६मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीतला प्लेग ओळखला. १८९८मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवून दिले, की हा रोग उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो. आज प्लेगची ती दहशत नाही. पण उंदराच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोने २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईत अनेकांचे बळी घेतले.

आमच्या चाळीत अम्मी धाकट्या बहिणीच्या पायांना फडके गुंडाळून तिला निजवायची. उंदीर बोटे कुरतडतात म्हणून. मालक पहिल्या तारखेला भाड्यासाठी यायचा. बीळ पाहायला कधी आला नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९चे कलम १४ सांगते, की वेगळा करार नसेल तर जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने टाळाटाळ केली, तर भाडेकरूने दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा. वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत. या कलमात उंदराचे नाव नाही. पण पोखरलेली भिंत, मोरीची तुटलेली जाळी, फुटका पाइप ही दुरुस्ती नव्हे तर काय?

मालक म्हणतो, ‘पागडीच्या भाड्यात काय करू?’ त्याची अडचण खोटी नाही. त्या भाड्याच्या चौथ्या हिश्शात भाडेकरूचेही भागत नाही. पण काचेचे तुकडे घालून सिमेंटने बीळ बुजवायला फार खर्च येत नाही. इस्पितळाचा खर्च मोठा. सोसायटीत जिना, गटार, आवार ही जबाबदारी सोसायटीची. घराच्या आतले सभासदाने पाहायचे. आणि खिडकीतून शिळे अन्न घरगल्लीत फेकणाऱ्याला मालकाला नावे ठेवायचा अधिकार नाही.

तेव्हा तक्रार तोंडी करू नका. लेखी द्या, तारीख घाला, पोच घ्या. चाळीतल्या सगळ्यांच्या सह्या असतील तर उत्तमच. उंदीर काही एकाच खोलीत राहत नाही.