मूळ रूप, पण कोणत्या तारखेचं?

अमुक एक जुनं विमान ‘मूळ रूपात’ आणलं, अशी बातमी वाचली की माझा पहिला प्रश्न असतो, कोणत्या तारखेच्या मूळ रूपात? विमान कारखान्यातून एका रंगात बाहेर पडतं. मग तुकडी बदलते, शेपटीवरचं चिन्ह बदलतं, इंजिनं बदलतात, पत्र्याला भोक पडलं की तिथे ठिगळ बसतं. यातलं मूळ कुठलं म्हणायचं?

हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणारं ‘एनोला गे’ घ्या. हे बी-२९ बॉम्बफेकी विमान युद्धानंतर स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आलं खरं, पण ठेवायला जागा नव्हती. वॉशिंग्टनजवळच्या अँड्र्यूज हवाई तळावर ते कित्येक वर्षं उघड्यावर उभं होतं. लोकांनी आठवण म्हणून सुटे भाग पळवले, पक्ष्यांनी आत घरटी केली. १९६० मध्ये ते खोलायला घेतलं आणि मग गोदामात नेलं. खरी दुरुस्ती डिसेंबर १९८४ मध्ये सुरू झाली, आणि अख्खं विमान पंख जोडून लोकांसमोर उभं राहिलं ते डिसेंबर २००३ मध्ये! सुमारे तीन लाख तासांचं काम. गंज काढायचा, प्रत्येक भाग धुऊन तपासायचा, हरवलेला भाग कुठे मिळतो का ते शोधायचं.

संग्रहालयाने तारीख निवडली ६ ऑगस्ट १९४५. साहजिकच. पण गंमत अशी, की त्या दिवशीचं रूप हेच मुळात सोंग होतं. हे विमान ज्या तुकडीचं, तिचं खरं चिन्ह वर्तुळातला बाण. शत्रूला तुकडी ओळखता येऊ नये म्हणून मोहिमेआधी काही दिवस शेपटीवर दुसऱ्याच तुकडीचं, वर्तुळातलं ‘आर’ रंगवलं. अंगावरचा आकडा १२ होता, तो ८२ केला. आणि नाकावरचं नाव, वैमानिक पॉल टिबेट्स यांच्या आईचं, ते तर उड्डाणाच्या तोंडावर लिहिलं गेलं. म्हणजे आज आपण भक्तिभावाने ‘अस्सल’ म्हणून पाहतो ते थोड्याच दिवसांचं रूप. तरीही ती निवड मला बरोबर वाटते, कारण ती उघडपणे तारीख सांगून केलेली आहे.

आपल्याकडे शेंदराची पुटं निघाली की आतली मूर्ती दिसते, आणि सगळे हरखतात. विमानाचं तसं नाही. रंगाचा थर खरवडला की खालून कोरा पत्रा निघतो आणि इतिहास कचऱ्यात जातो. म्हणून त्याच संग्रहालयाने ‘फ्लॅक-बेट’ या बी-२६ विमानाबाबत वेगळा रस्ता धरला. दोनशेहून अधिक मोहिमा केलेलं हे विमान. तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी पाडलेली हजारावर भोकं, त्यांवरची ठिगळं, युद्धकाळातला उडालेला रंग, हे सगळं आहे तसं राखायचं ठरलं. नवा रंग नाही. कारागिराच्या हाताला हे जड जातं. चकचकीत करण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही.

आता आपल्या हवाई दलाचं डकोटा विमान, ‘परशुराम’. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी ते हवाई दलाला दिलं. त्यांचे वडील हवाई दलात डकोटा उडवत. ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन २०१८ मध्ये ते स्वतःच्या पंखांवर भारतात आलं. शेपटीवर क्रमांक आहे व्हीपी ९०५. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या पहिल्या डकोटाचा हा क्रमांक. ते विमान वेगळं, हे वेगळं. काही शुद्धतावाद्यांना हे खपत नाही. मला चालतं. हवाई दलाला उडणारं स्मारक हवं होतं, आणि उडणाऱ्या विमानाला वेळोवेळी नवे भाग लागणारच. माझी मागणी एवढीच, की हे यंत्र कुठे बांधलं गेलं, कोणाकोणाकडे होतं, तो त्याचा स्वतःचा पूर्वेतिहासही व्हीपी ९०५ च्या शेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत लावावा.