अंगमर्दन, उपचार आणि कायदा
(कणकुंबी येथे केलेले भाषण)



मलप्रभेच्या उगमाशी वसलेल्या आपल्या गावात तेलाने अंग चोळणे ही काही नवी विद्या नव्हे. बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालणाऱ्या वृद्धा येथे आहेत. पहिलवानाचे अंग रगडणारे वस्ताद बेळगाव-खानापूरकडे पुष्कळ आहेत. या सर्वांना सरकारी परवाना लागतो काय, हा आजचा प्रश्न.

कायदा तेलाकडे पाहत नाही, हेतूकडे पाहतो. २००७ च्या कर्नाटक खाजगी वैद्यकीय आस्थापना कायद्यातील 'वैद्यकीय उपचार' या व्याख्येचा गाभा रोगाचे पद्धतशीर निदान व निवारण हा आहे. तीत ॲलोपॅथीबरोबर आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, योग, निसर्गोपचार व सिद्ध या पद्धती येतात. ॲक्युपंक्चर व ॲक्युप्रेशरही येतात. नोंदणीस पात्र आस्थापनांत फिजिओथेरपी केंद्राचा स्पष्ट उल्लेख आहे. यास्तव थकलेले अंग चोळून देणे ही सेवा होय. परंतु 'सांधेदुखी बरी करतो' अशी पाटी लावून खोली थाटली, की प्रश्न उपचाराचा होतो, मग तेल तेच का असेना. घरोघर जाणाऱ्या आजीबाईंनी भयभीत होण्याचे कारण नाही.

जागेप्रमाणे व्यक्तीचीही नोंदणी असते. आयुर्वेद व निसर्गोपचाराच्या वैद्यांसाठी राज्याचा १९६१ चा कायदा आहे. केंद्राच्या २०२१ च्या कायद्याने आरोग्यसेवा व्यावसायिकास किमान ३,६०० तासांचे, तीन ते सहा वर्षांत विभागलेले पदवी-शिक्षण आवश्यक ठरविले आहे. त्याच्या अनुसूचीत फिजिओथेरपिस्ट आहे, मालिशवाला नाही. चार दिवसांच्या वर्गाचे चौकटीत बसविलेले प्रशस्तिपत्र याच्याशेजारी ठेवून पाहावे! चोर्ला घाट उतरून गोव्याकडे नोकरीस जाणाऱ्या तरुण-तरुणींच्या पालकांनी हे विशेष ध्यानी घ्यावे, कारण असे प्रशस्तिपत्र म्हणजे परवाना नव्हे. ग्रामपंचायतीचा धंद्याचा परवानाही दुकानाला असतो, हाताच्या गुणाला नसतो.

आठवडी बाजारात ध्वनिक्षेपकावरून 'लकवा बरा करणारे तेल' विकणारा इसम आपण पाहिला असेल. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यातील रोगांच्या यादीत पक्षाघात आहे, आणि तोंडी घोषणाही त्या कायद्यान्वये जाहिरातच ठरते. पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो.

हा केवळ कागदांचा खटाटोप नाही. बाळंतिणीचा एक पाय अकस्मात सुजला, दुखू लागला, तर आत रक्ताची गुठळी असू शकते. बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत हा धोका वाढलेला असतो. असा पाय चोळल्यास गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते व जीवावर बेतते. पडल्यावर सुजलेला घोटाही, हाड मोडले नाही अशी खात्री होईपर्यंत, रगडू नये. निष्काळजीपणाने मृत्यू घडल्यास १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ अन्वये पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाकडून वैद्यकीय प्रक्रिया करताना तसे घडल्यास तिची मर्यादा दोन वर्षे आहे. नोंदणीचे मोल कायद्याने असे मोजले आहे.

उपचार करणाऱ्या केंद्रात जाल तेव्हा नोंदणीचे प्रमाणपत्र पाहण्यास मागा. त्यात संकोच कसला? शंका असल्यास आरोग्य खात्याच्या तालुका अथवा जिल्हा अधिकाऱ्यांकडे लेखी विचारणा करावी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज लिहून देण्याचे काम येथील शिक्षकांनी पत्करावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.