यंत्रे अनेक, आज्ञावली एक
(भाषणाचा सारांश)



एका संगणकावर सुरळीत चालणारी आज्ञावली शेजारच्या संगणकावर अडून बसते, हा अनुभव शाळांना व कचेऱ्यांना नवा नाही. अशा वेळी दोष हाताळणाऱ्या शिक्षकाला वा कारकुनाला दिला जातो. पण कारण बहुधा निराळे असते. प्रत्येक जातीच्या प्रोसेसरची यांत्रिक भाषा वेगळी असते. शिवाय आज्ञावली ही कार्यप्रणालीवर आणि इतरांनी रचलेल्या पूरक संचांवर विसंबून असते. त्यांतील एखादा संच नसला, किंवा दुसऱ्या आवृत्तीचा असला, की काम थांबते.

या अडचणीवर अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत महत्त्वाचे काम झाले. तेथील युनिक्स ही कार्यप्रणाली १९७३ साली ‘सी’ या भाषेत नव्याने लिहिण्यात आली. पुढे डेनिस रिची व स्टीफन जॉन्सन यांनी ती १६ बिटांच्या पीडीपी-११ वरून ३२ बिटांच्या इंटरडेटा ८/३२ या यंत्रावर नेली आणि १९७८ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. यंत्र मुद्दाम वेगळे निवडल्यामुळे कोणता भाग यंत्राशी बांधलेला आहे आणि कोणता सर्वत्र सारखा राहतो, हे स्पष्ट झाले.

कालांतराने युनिक्सच्याच अनेक शाखा झाल्या. १९९१ साली डेव्हिड मॅकेन्झी यांनी ‘ऑटोकॉन्फ’ हे साधन सुरू केले. ‘हे यंत्र कोणते?’ एवढेच न विचारता ‘येथे हवी ती सोय आहे काय?’ हे ते बांधणीपूर्वी तपासून पाहते. जाणता गवंडी गावाचे नाव ऐकून पाया घालीत नाही. तो जमीन पाहतो. २०१३ साली आलेल्या ‘डॉकर’ने आज्ञावलीबरोबर तिचे पूरक संचही एकत्र बांधून नेण्याची रीत रूढ केली. तथापि, एका जातीच्या प्रोसेसरसाठी बांधलेले गाठोडे दुसऱ्या जातीवर जसेच्या तसे चालत नाही.

गावचे दप्तर आणि मुलांची गुणपत्रके एकाच यंत्राच्या आयुष्याला बांधलेली नसावीत. म्हणून आज्ञावली स्वीकारण्यापूर्वी तिला लागणाऱ्या साऱ्या संचांची, आवृत्त्यांसह, लेखी यादी मागावी आणि दुसऱ्या, कोऱ्या संगणकावर ती समक्ष चालवून घ्यावी. जुने यंत्र निकामी होईल, तेव्हा या सावधगिरीचे मोल कळेल.